‘पॉवर डाउन’ दिसतं, पंखा मात्र फिरतच राहतो: कर्नल वीज कशी बंद करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. शटडाउन दिलं की स्क्रीनवर शेवटी ‘रिबूट: पॉवर डाउन’ अशी ओळ येते आणि सगळं तिथेच अडतं. पंखा फिरत राहतो, शेवटी बटण दाबून धरावं लागतं. कधीकधी मशीन नीट बंद होतं, पण दोन-चार सेकंदांत आपोआप पुन्हा सुरू होतं. यात चूक कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, आहे का? असं बटण दाबून धरल्याने डिस्कचं नुकसान होतं का? आणि रास्पबेरी पाय बंद केल्यावरही त्याचा लाल दिवा का जळत राहतो?

माझं काम बोर्डांसाठी ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, लिहिण्याचं. ‘बंद होत नाही’ ही तक्रार त्यात नेहमीची. या तक्रारींमागे बहुतेक वेळा एक समज असतो: शटडाउन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम वीज तोडते. प्रत्यक्षात कर्नल वीज तोडत नाही, तोडू शकतही नाही. प्रत्येक डिव्हाइसला तो अशा अवस्थेत आणून ठेवतो की वीज गेली तरी काही बिघडू नये, आणि मग मदरबोर्डला विनंती करतो की आता वीज काढून घे. खरं काम आधीच्या तयारीचं आहे. शेवटची विनंती एका रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडे ठेवण्याच्या छोट्या जागेत) केलेली नोंद असते, आणि ती मानली जाईलच याची हमी कर्नलकडे नसते. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे: अडतंय ते विनंतीच्या आधी की नंतर?

पहिला टप्पा कर्नलच्या बाहेरच घडतो. सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा, प्रत्येक सेवेला थांबायला सांगते. मुदतीत जी थांबत नाही तिला मारून टाकते. ही मुदत मुळात ९० सेकंदांची, काही डिस्ट्रोंनी ती कमी केली आहे. मग फाइलसिस्टिम अनमाउंट होतात (वापरातून सोडवल्या जातात) आणि सगळ्यात शेवटी ‘रिबूट’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला केलेली विनंती, होतो. मशीन बंद करायचं असो वा पुन्हा सुरू करायचं, कॉल हाच, आज्ञेचा आकडा फक्त वेगळा. तो चुकून लागू नये म्हणून त्याला दोन ठरलेल्या संख्या द्याव्या लागतात. दुसरी संख्या हेक्समध्ये लिहिली की २८१२१९६९ होते, म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांची जन्मतारीख. कामाची गोष्ट अशी की मेमरीत राहिलेला, अजून डिस्कवर न उतरलेला डेटा हा कॉल स्वतःहून लिहून घेत नाही. ते आधीच झालेलं असावं लागतं. म्हणून ‘अमुक सेवा थांबण्याची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची ओळ आणि सेकंदांचा काटा दिसत असताना घाई करू नका. तेव्हा फाइलसिस्टिम बहुधा अजून माउंटच असते.

कॉल कर्नलमध्ये पोचला की कर्नलच्या ज्या ज्या भागांनी ‘बंद होण्याआधी मला कळवा’ अशी नोंद केलेली असते त्यांना निरोप जातो, आणि मग डिव्हाइसांची पाळी येते. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. लग्नाचा मांडव उतरवताना आधी कापड निघतं, मग दोऱ्या, मग बांबू; तसं कर्नल डिव्हाइसांची यादी शेवटाकडून मागे चालत येतो. सुरू होताना आधी पीसीआय बस (उपकरणं जोडण्याचा मार्ग) सापडते, मग तिच्यावरचा यूएसबी कंट्रोलर, मग त्याला जोडलेली पेनड्राइव्ह. बंद होताना पेनड्राइव्ह आधी, कंट्रोलर नंतर. कंट्रोलर आधी गेला तर पेनड्राइव्हला ‘कॅशे (तात्पुरता धरून ठेवलेला डेटा) लिहून टाक’ हा निरोप कोणत्या रस्त्याने पाठवणार? सगळी नाती अशी सरळ आई-मुलाची नसतात. एखादा कॅमेरा सेन्सर एका बसवर असतो आणि त्याची वीज दुसऱ्याच चिपमधून येते. अशांसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ‘हा त्याच्यावर अवलंबून आहे’ असा दुवा सांगता येतो आणि यादीतला क्रम त्याप्रमाणे बदलतो. दुवा द्यायचा राहिला की शटडाउन कधी चालतं, कधी अडतं, आणि असा दोष पकडायला फार त्रास होतो.

या टप्प्यावर डिस्कचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तुमची काळजी तीच आहे. साटा डिस्क असेल तर लिनक्स आधी तिला कॅशे रिकामी करायला सांगतो. लॉगमध्ये ‘सिंक्रोनायझिंग एससीएसआय कॅशे’ अशी ओळ दिसते. मग ‘स्टॉपिंग डिस्क’ येते. फिरती डिस्क असेल तर हे ऐकून ती हेड शांतपणे जागेवर नेऊन ठेवते. वीज अचानक गेली तर तिला हेड तातडीने मागे ओढावं लागतं. अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ माहिती ठेवते, तिच्या १९२ क्रमांकाच्या रकान्यात ती सापडते. एनव्हीएमई डिस्कची पद्धत वेगळी. कर्नल तिच्या एका रजिस्टरमध्ये ‘बंद होतोय’ असं लिहितो आणि दुसऱ्या रजिस्टरमध्ये ‘झालं’ असं उमटेपर्यंत थांबतो. किती थांबायचं हे डिस्क आधी सांगू शकते; तिने काहीच सांगितलं नसेल तर लिनक्स ५ सेकंद धरतो. कोणता डेटा चिपवर कुठे आहे याचा डिस्कचा नकाशा या वेळात नीट जपला जातो. हा निरोप न मिळता वीज गेली की ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा एकाने वाढतो.

हा आकडा म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्यात सोपं मोजमाप आहे. शटडाउनच्या आधी ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने तो पाहून ठेवा. मग नेहमीसारखं मशीन बंद करा, अडलं की बटण दाबून धरा, पुन्हा सुरू करून आकडा पाहा. वाढला नसेल तर डिस्कला निरोप मिळाला होता, ती सावरून बसली होती आणि बटणाने तिचं काही बिघडलं नाही. वाढला असेल तर अडचण डिस्कपर्यंत पोचण्याआधीच येते आहे.

डिव्हाइसांच्या या फेरीत एक कच्चा दुवा आहे. फेरीला एकूण अशी काही मुदत नाही. सेवा थांबली नाही तर सिस्टिमडी तिला मारते, पण एखाद्या ड्रायव्हरचं शटडाउन फंक्शन हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत बसलं तर त्याला उठवणारं कुणी नसतं. ग्राफिक्स कार्ड, वायफाय कार्ड, जुनं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) ही माझ्या अनुभवात वारंवार सापडणारी नावं. अशा वेळी शेवटची ओळ ‘पॉवर डाउन’ नसते, तिच्या आधीची कुठली तरी असते. तुमच्याकडे ‘पॉवर डाउन’ दिसतंय, म्हणजे ही सगळी फेरी पार पडली आहे.

फेरीनंतर कर्नल एसीपीआय या वीज सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे वळतो. पूर्वी याच कामासाठी एपीएम होतं, १९९२ मधलं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं. त्यात मशीनच्या झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि त्यांतली एस-५ म्हणजे आपण ज्याला ‘बंद’ म्हणतो ती. ‘प्रिपेअरिंग टू एंटर सिस्टिम स्लीप स्टेट एस-५’ अशी ओळ लॉगमध्ये येते तेव्हा कर्नल मदरबोर्डच्या निर्मात्याने बायॉसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठेवलेला एक छोटा प्रोग्राम चालवत असतो: ‘आम्ही एस-५ मध्ये निघालोय, तुझं काही आवरायचं असेल तर आवर.’ मग सगळं काम एका प्रोसेसर कोअरवर आणलं जातं, ‘पॉवर डाउन’ छापलं जातं, बाकीचे कोअर थांबवले जातात, इंटरप्ट (उपकरणांकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका) बंद होतात आणि चिपसेटच्या एका कंट्रोल रजिस्टरमध्ये शेवटची नोंद होते. १० ते १२ या बिटांत झोपेचा प्रकार आणि १३ व्या बिटात १, म्हणजे ‘आता’. प्रकाराचा आकडा प्रत्येक बोर्डावर वेगळा असू शकतो, म्हणून कर्नल तोही बायॉसच्या तक्त्यातूनच वाचतो.

ही नोंद झाल्यावर पुढचं सगळं कर्नलच्या हाताबाहेर आहे. अनेक बोर्डांवर ती झाल्या झाल्या बायॉसचा आणखी एक कोड मध्ये येतो, ज्याची ऑपरेटिंग सिस्टिमला चाहूलही लागत नाही. त्याने आपलं काम केलं की चिपसेट आपल्या सिग्नलच्या तारा खाली ओढतो आणि मदरबोर्ड एसएमपीएसकडे (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडे) जाणारा ‘चालू राहा’ हा सिग्नल सोडून देतो. दुरुस्तीच्या दुकानात एसएमपीएस तपासताना हिरवी वायर काळ्या वायरला टेकवतात ना, ती हिरवी वायर म्हणजेच हा सिग्नल. ती काळ्या वायरला (ग्राउंडला) जोडलेली असेपर्यंत एसएमपीएस चालू, सोडली की १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी बंद. जांभळ्या वायरवरचे ५ व्होल्ट मात्र कायम राहतात, कारण बटण दाबल्याचं ओळखायला कुणीतरी जागं हवंच. १९९५ मध्ये एटीएक्स ही बोर्ड-कॅबिनेटची नवी रचना आल्यावर ही सोय सगळीकडे पसरली. त्याआधीच्या एटी कॅबिनेटांत बटण थेट विजेचं असायचं. म्हणून विंडोज ९५ अशा मशीनवर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा नारिंगी मजकूर दाखवून थांबायचं.

आता तुमचं मशीन. पंखा फिरतोय याचा अर्थ १२ व्होल्ट चालू आहेत आणि हिरवी वायर सोडली गेलेली नाही. कर्नलने ‘पॉवर डाउन’ छापलंय. म्हणजे दोष या दोन बिंदूंच्या मधे आहे: शेवटची नोंद, तिच्यानंतरचा बायॉसचा कोड, चिपसेट, हिरवी वायर. पहिला संशय बायॉसवर घ्या. मदरबोर्डाच्या मॉडेलसाठी नवा बायॉस आला असेल तर तो घालून बघा. मग जास्तीची कार्डं आणि यूएसबी उपकरणं काढून एकदा बंद करा, कारण बायॉसचा तो कोडही कधीकधी एखाद्या उपकरणाच्या उत्तरासाठी अडतो. दुसरा एसएमपीएस लावून पाहणं शक्य असेल तर तेही करा. कर्नलची आवृत्ती बदलून फरक पडला तर मात्र गाडी परत कर्नलकडे येते, आणि कोणत्या आवृत्तीपासून बिघडलं ही माहिती सोन्यासारखी असते.

आपोआप सुरू होण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे वीज नीट गेली होती, फक्त कुणीतरी मशीनला उठवलं. एस-५ मध्येही काही भाग जागे असतात: नेटवर्क चिप, घड्याळाचा अलार्म, कधीकधी यूएसबी. याचं एक खरं उदाहरण इंटेलच्या हॅसवेल या प्रोसेसर पिढीतलं. काही मशीनं बंद व्हायची आणि लगेच स्वतःच सुरू व्हायची. कारण निघालं यूएसबी ३ चा कंट्रोलर, जो नको तिथे उठण्याचा सिग्नल देत होता. २०१३ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यावर उपाय आला: त्या चिपसेटवर शटडाउनच्या वेळी कंट्रोलरला सर्वांत कमी विजेच्या अवस्थेत ढकलून मगच पुढे जायचं. हार्डवेअरचं एखादं वागणं ड्रायव्हरच्या शटडाउन फंक्शनमध्ये असं सावरून घ्यावं लागतं, आणि कर्नलमध्ये अशा जागा पुष्कळ आहेत. तुमच्याकडे आधी ‘वेक ऑन लॅन’ (नेटवर्कवरून मशीन उठवण्याची सोय) बंद करून बघा. ‘एथटूल’ या आज्ञेने होतं, बायॉसमध्येही सेटिंग असतं. मग बायॉसमधला यूएसबी आणि कीबोर्डवरून उठवण्याचा पर्याय. शिवाय ‘वीज परत आल्यावर मशीन सुरू करा’ असंही एक सेटिंग असतं. ते लावलेलं असेल आणि तुमच्याकडे लाईट क्षणभर जाऊन येत असेल, तर बंद मशीन सुरू होणं हे त्या सेटिंगचं नेमून दिलेलं काम आहे.

बटण दाबून धरण्याबद्दल. चार सेकंदांहून जास्त दाबलं की चिपसेट स्वतःच वीज काढून घेतो, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतही नाही. ‘पॉवर डाउन’ दिसल्यानंतर असं केलं तर डेटाचं नुकसान होत नाही, कारण फाइलसिस्टिम आणि डिस्क दोन्ही आवरून झालेल्या असतात. त्याआधी केलं तर ते लाईट जाण्यासारखंच. एक्स्ट-४ सारखी जर्नल (बदलांची आधीच केलेली नोंद) ठेवणारी फाइलसिस्टिम स्वतःची रचना सावरून घेते, पण त्या क्षणी लिहिला जात असलेला डेटा वाचेलच असं नाही.

रास्पबेरी पायकडे वळतो, कारण तिथे एसीपीआय नाही, एसएमपीएसची हिरवी वायर नाही, आणि जुन्या पायवर वीज तोडणारं काही नाहीच. जुन्या पायचा कर्नल शेवटी वॉचडॉगच्या (मशीन अडकलं तर रीसेट करणाऱ्या टायमरच्या) रजिस्टरमध्ये ‘पुन्हा सुरू होऊ नकोस’ अशी खूण ठेवून चिप रीसेट करतो. बूट करणारा प्रोग्राम ती खूण वाचतो आणि थांबून राहतो. चिपचा बराचसा भाग बंद होतो, पण बोर्डावर ५ व्होल्ट येतच असतात, म्हणून लाल दिवा जळतो. पाय ४ पासून बूट ईईप्रॉममध्ये (सुरू होतानाचा प्रोग्राम ठेवणाऱ्या चिपमध्ये) ‘हॉल्ट झाल्यावर वीज बंद’ असा पर्याय आहे आणि पाय ५ वर पॉवरचं बटणही आहे.

इतर एआरएम बोर्डांवर चित्र आणखी वेगळं. बऱ्याच ठिकाणी कर्नल पीएससीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीने खालच्या फर्मवेअरला ‘सिस्टिम ऑफ’ सांगतो. काही ठिकाणी पॉवर सांभाळणाऱ्या चिपला आय-टू-सी बसवरून थेट आज्ञा द्यावी लागते. यात एक मोठी गोम आहे. ही आज्ञा द्यायची वेळ येते तेव्हा इंटरप्ट बंद असतात, आणि आय-टू-सीचे ड्रायव्हर एरवी इंटरप्टवरच चालतात. म्हणून शेवटच्या क्षणासाठी इंटरप्टशिवाय बाइट पाठवणारा वेगळा रस्ता ड्रायव्हरमध्ये लिहावा लागतो. तो नसला की आज्ञा पोचत नाही, पॉवर ऑफचं फंक्शन हात हलवत परत येतं, आणि ज्या प्रोसेसने कॉल केला ती, म्हणजे पहिली प्रोसेस, संपते. पहिली प्रोसेस संपली की कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हात टेकून थांबतो. ‘शटडाउन करताना कर्नल पॅनिक’ असे जे फोटो लोक टाकतात, त्यांतल्या पुष्कळांत दोष एवढाच असतो. वीज बंद करण्याची कोणतीच सोय नोंदलेली नसेल तर लिनक्स हॉल्टवर, म्हणजे वीज चालू ठेवून नुसतं थांबण्यावर, समाधान मानतो आणि ‘सिस्टिम हॉल्टेड’ लिहून थांबतो.

त्याच मशीनवर विंडोजही असेल तर एवढं बघा: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. वापरकर्त्याचं सत्र संपवून कर्नलचा भाग डिस्कवर हायबरनेट केला जातो. त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहू नका. तुलना करून पाहायची असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा, मग विंडोजमधून मशीन बंद करा. तिथेही पंखा फिरत राहिला तर लिनक्सवरचा संशय बराच कमी होतो.

आता काय करा ते सांगतो. कर्नलच्या बूट ओळीत ‘इनिटकॉल_डीबग’ आणि ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ हे दोन शब्द घाला. मग बंद होताना प्रत्येक डिव्हाइसच्या नावासमोर ‘शटडाउन’ असं छापलं जाईल. या ओळी सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, शोधू नका. तोवर जर्नल लिहिणारी सेवा थांबलेली असते आणि डिस्कही उतरलेली असते. मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ घ्या, किंवा बोर्डवर सिरीयल पोर्ट असेल तर त्यावरून पकडा. व्हिडिओतल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळी, मदरबोर्डाचं मॉडेल, बायॉसची तारीख, कर्नलची आवृत्ती आणि ‘अनसेफ शटडाउन्स’चा आधीचा-नंतरचा आकडा एवढं इथे टाका. ‘एस-५’ची ओळ आली पण ‘पॉवर डाउन’ आली नाही असं एकदा जरी दिसलं तरी तेही लिहा, कारण मग बायॉसचा तो तयारीचा प्रोग्राम उघडून पाहावा लागेल आणि त्यासाठी एसीपीआयचे तक्ते कसे काढायचे ते मी पुढच्या उत्तरात सांगेन.